भूक घेऊन या

हौकिलम्पी,
फिनलंड, रविवार, ४ सप्टेंबर १९८८

प्रिय औने आत्या,

परवा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत होते. तू स्वीडनहून नुसतं "काय? काय म्हणतेस?" करत होतीस आणि मी इकडून इतकी ओरडत होते, की आईला वाटलं कुणीतरी गेलं. आता पत्रच बरं. कारखान्याने तुझे कान खाल्ले तरी डोळे शाबूत आहेत, असं तूच म्हणतेस ना?

तर तेव्हा ओरडून सांगत होते ते हे, की मला नोकरी लागली. आपल्याच गावच्या चर्चच्या मंडळीत, तरुण संघाचं काम बघायला. आईने माझं पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी मारलेल्या हरणाच्या शिंगांखाली टांगलंय. येणारा प्रत्येक जण आधी शिंगांचं कौतुक करतो आणि मग विचारतो, "आणि हे खाली काय?"

उन्हाळ्यात तळ्याकाठी दृढीकरणाचं शिबिर झालं, मुलांना चर्चचे पक्के सभासद करून घेतात ते. पंधरा वर्षांची मुलं, पहिल्या दिवशी तोंडातून शब्द नाही, शेवटच्या दिवशी गळ्यात पडून रडारड. मग रविवारी पांढरे झगे, केक, प्रत्येकाच्या मनगटावर नवं घड्याळ. आणि दुसऱ्या रविवारी बाकं रिकामी. पाळकसाहेब म्हणाले, "विर्पी, मनाला लावून घेऊ नकोस. आता ती थेट स्वतःच्या लग्नालाच येतील."

मी मात्र लावून घेतलं. आत्या, त्या वयात मला कुणी म्हणालं असतं, "तू आम्हाला हवीस", तर मी कुठेही गेले असते. म्हणून मी घरोघरी जाऊन आठ जण गोळा केलेत. किम्मो म्हणून एक आहे, त्याचं तोंड झोपेतही बंद होत नसेल. सातू म्हणून एक आहे, ती आठवड्यातून एकदा बोलते. दर शनिवारी एका एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जायचं आणि पडेल ते काम करायचं, असं ठरलंय. नियम एकच : कुणाकडून काही घ्यायचं नाही, साधी कॉफीसुद्धा नाही. डबा आपापला. सेवा म्हणजे सेवा.

चर्चच्या पंच कमिटीने मला मुदत दिलीय. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत, म्हणजे नाताळाच्या चार आठवडे आधीपर्यंत, संघ उभा राहिला तर राहिला, नाहीतर जानेवारीपासून मुलांचं काम शहरातल्या मंडळीकडे जाईल. शहर बसने तासाभरावर. म्हणजे एकही मूल जाणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

पहिलं घर हिल्मा केम्पाइनेनचं निवडलंय. एकटी असते, मुलगा ओंडके अंगणात टाकून जातो, बर्फ पडायच्या आत ते फोडून खोपीत रचायला हवेत. तू तिला ओळखायचीस ना? कशी होती ती?

तुझी,
विर्पी


गोथेनबर्ग,
१३ सप्टेंबर

प्रिय विर्पी,

आधी ते प्रमाणपत्र शिंगांच्या वर लाव. तुझ्या आईला सांग, औनेने सांगितलंय. आपल्या घराण्यात हरणं मारणारे पुष्कळ झाले. शिकलेली तू पहिली.

हिल्माला कशी नाही ओळखणार! शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होती. एकदा तळ्याच्या बर्फावर घसरून तिचं कपाळ फुटलं. बाई रुमाल द्यायला धावल्या तर ही म्हणते, "माझ्याकडे आहे." कुठला रुमाल आणि कुठलं काय! बाहीने रक्त पुसत घरी गेली. आपल्याकडची माणसं सगळी त्याच मातीची. तुझ्या आजोबांनी स्वतःची दाढ स्वतः उपटली होती, आणि शेजारीण गुळण्यांना मीठ घेऊन आली तर दारातून परत पाठवली. तेव्हा तुझ्या पोरांना सांग, जपून.

कॉफीसुद्धा नाही? बरं बाई. पदवीला तसं शिकवत असतील.

मी मजेत आहे. शनिवारी वेलदोड्याचे बन भाजते, त्याचा वास जिनाभर पसरतो. समोरची स्वीडिश बाई दार किलकिलं करते, नाक बाहेर काढते आणि आत घेते. अठरा वर्षांत नाकापलीकडे ओळख गेली नाही. तुझ्यासाठी हिरवे मोजे विणायला घेतलेत, नाताळला पोचतील. मला कुणाची गरज पडत नाही, दोन हात आहेत. हिल्माचं काय झालं ते मात्र कळव. त्या म्हातारीबद्दल मला आता उगीच उत्सुकता लागलीय.

औने


हौकिलम्पी,
२५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

काल गेलो होतो. काय झालं ते सगळं जसंच्या तसं लिहिते, कारण मला काहीच उमगलेलं नाही. कदाचित तुला उमगेल.

सकाळी आठही मुलं आली, स्वतःच्या कुऱ्हाडी घेऊन. हिल्मा आजी पायरीवर उभ्या होत्या, पांढराशुभ्र एप्रन घालून. मी म्हटलं, आम्ही सरपण फोडायला आलोय. त्या म्हणाल्या, "फोडा की." चेहरा चांगला होता आत्या, हे मी शपथेवर सांगते. किम्मोची कुऱ्हाड ओंडक्यात अडकली तर त्या पायरीवरून म्हणाल्या, "त्याला विनवण्या करू नकोस रे, मार!" पोरं हसली. मला वाटलं, जमलं.

दुपारी आम्ही ओंडक्यांवर बसून आपापले डबे सोडले. पाव, चीज, थर्मासमधली कॉफी. तेवढ्यात त्या दारात आल्या. बघत राहिल्या. त्यांना संकोच वाटू नये म्हणून मी हाक मारली, "आजी, तुम्ही काही बघू नका हं आमचं! आम्ही सगळं घरून आणलंय!"

त्या आत गेल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

किम्मो म्हणाला, "कडी? आपण काय दरोडेखोर आहोत?" मग तोच खिडकीपाशी जाऊन डोकावून आला. "पाहुणे येणारेत वाटतं. सोन्याच्या काठाचे कप मांडलेत टेबलभर." सातू म्हणाली, "भाजल्याचा वास येतोय." सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातूनही धूर निघत होता. आम्ही म्हटलं, पाहुण्यांच्या आधी आटपावं, घाम आणि भुसा घेऊन त्यांच्या मध्ये कशाला कडमडायचं. निघताना दारावर टकटक केली तर आतून आवाज आला, "पुरे झालं. उरलेलं माझं मी करेन." दार उघडलंच नाही.

मी रात्रभर कारणं शोधतेय. किम्मोची बडबड? मी सुरुवातीला प्रार्थना केली नाही म्हणून? की केली असती तर जास्त रागावल्या असत्या? वाटेत एक मुलगी म्हणाली, "त्यांना आपली गरजच नाहीये, विर्पी." मी म्हटलं, गरज आहे, अर्ध्याहून जास्त ओंडके पडलेत. ती म्हणाली, "ओंडक्यांना असेल. त्यांना नाही."

पुढच्या शनिवारी येणार का विचारलं तर दोघं बुटांकडे बघत राहिली.

तुझी,
विर्पी


गोथेनबर्ग,
३ ऑक्टोबर

प्रिय विर्पी,

तू एवढी शिकलीस आणि एवढं दिसेना? तिला लाज वाटली. आपलं काम दुसऱ्यांनी आपल्या डोळ्यांदेखत करायचं आणि आपण एप्रन घालून पायरीवर उभं राहायचं, हे कसं लागतं ते पंचविशीत नाही कळत. रस्त्याने जाणारा येणारा बघणार, हिल्माला आता जमत नाही म्हणून. मी पण कडी लावली असती.

उपाय सोपा आहे. ती रविवारी चर्चला जाते ना? तेवढ्यात जा, उरलेलं फोडा, रचा आणि निघून या. नाव नाही, चिठ्ठी नाही. तिला कुणाचे आभार मानायला नकोत की कुणासमोर ओशाळायला नको. मला कधी कुणाची मदत घ्यावी लागलीच, तर मी अशीच घेईन. म्हणजे लागणार नाहीये, पण समज.

पोरांना धरून ठेव. बुटांकडे बघणारी पोरं वाईट नसतात, त्यांना नाही म्हणता येत नाही एवढंच.

आज एवढंच. हिवाळ्याचे जाड पडदे लावायचेत. दांडी उंच आहे आणि स्टूल डुगडुगतं, पण त्या स्टुलाची आणि माझी जुनी ओळख आहे.

औने


हौकिलम्पी,
१६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तसंच केलं. मागच्या रविवारी चर्चची घंटा झाली, हिल्मा आजी सायकल ढकलत वळणापलीकडे गेल्या आणि आम्ही कुंपणावरून आत. पोरांना फारच मजा आली. किम्मो कुजबुजत म्हणत होता, "चोरी उलटी करतोय आपण." फोडलेलं सगळं खोपीत रचलं, अंगण झाडलं आणि पसार झालो. ओंडके अजून थोडे उरले, पण माझा जीव इतका हलका झाला होता, की वाटेत मी गाणी म्हटली.

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. हिल्मा आजी त्यांना म्हणाल्या म्हणे, "माझ्या खोपीत कुणीतरी शिरून सरपण विस्कटून गेलं होतं. आठवडाभर बसून परत लावलं मी."

आत्या, त्यांनी सगळं बाहेर काढलं. एकेक ढलपी. आणि परत रचलं, स्वतःच्या पद्धतीने. ऐंशीच्या घरातल्या बाईने!

पाळकसाहेब चिडले नव्हते, ते जास्त वाईट. म्हणाले, "विर्पी, तुला सेवा करायची होती की शिक्षा?"

मुलांना सांगावंच लागलं. मग किम्मो म्हणाला, "म्हणजे आपण नसतो तर तिला हे एकदाच उचलावं लागलं असतं." आता तीनच उरलीत : किम्मो, सातू आणि तिचा धाकटा भाऊ, तो तिच्याशिवाय कुठे जात नाही म्हणून. इतर म्हाताऱ्यांकडेही विचारून आले. एकच उत्तर : आम्हाला काही नको, दुसऱ्या कुणाला तरी बघा. सगळं गाव दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवतंय. आणि पंच कमिटी दिवस मोजतेय.

मी तुला दोष देत नाहीये. मला फक्त एक प्रश्न छळतोय आणि तो मला आमच्या एकाही पुस्तकात सापडला नाही. माणूस "मदत नको" म्हणतं, तेव्हा त्याला नेमकं काय नको असतं? तू विचार करून लिही. तू त्या मातीची आहेस.

तुझी,
विर्पी


गोथेनबर्ग,
२९ ऑक्टोबर

विर्पी,

काय नको असतं? कुणी कीव करत बघितलेलं नको असतं. बस.

तुझ्यासारखी इथेही आहेत. आपल्या फिनिश मंडळीतल्या दोन पोरी दारात आल्या. "आजी, दुकानातून पिशवी आणून देऊ?" म्हटलं, आजी कुणाची? मला दोन हात आहेत. दार लावलं.

पेन नीट चालत नाही, म्हणून अक्षर असं प्यायल्यासारखं. मोजे उशिरा येतील, लोकर संपली. बन दुकानातून आणले, भुशासारखे आहेत.

तू हिंमत सोडू नकोस.

औने


हौकिलम्पी,
१३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. त्याबद्दल शेवटी. आधी हिल्मा आजी, कारण ते कोडं सुटलं, आणि सोडवलं सातूने.

गेल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही चौघं सभागृहात कप विसळत होतो. सातू एक कप पुसत पुसत म्हणाली, "त्या दिवशी हिल्मा आजीकडे पाहुणे कोण आले असतील?"

किम्मो म्हणाला, "कुणी नाही. मी संध्याकाळी सायकलने तिकडूनच गेलो. अंगणात आपल्याच बुटांचे ठसे होते."

"मग कप कुणासाठी मांडले होते?"

नळ वाहत होता. मग किम्मो हळूच म्हणाला, "आपण होतो तेवढे होते. आणि एक जास्त."

आत्या, मी तिथल्या बाकावर बसलेच. पांढरा एप्रन. भाजल्याचा वास. सौनाचा धूर. आपल्याकडे बटाटे काढायला शेजारीपाजारी यायचे, तेव्हा आई आदल्या दिवसापासून रांधत असायची, आठवतं? इर्जिकीला, अशा मिळून करायच्या कामाला, आलेल्या माणसाला घरच्या बाईने पोटभर जेवू घालायचं आणि सौना तापवून त्याचा घाम उतरवायचा. मग हिशेब फिटला, कुणी कुणाचं मिंधं नाही. त्यात कुणी स्वतःचा डबा घेऊन आलं असतं, तर आई वसंत येईपर्यंत त्याच्याशी बोलली नसती. हिल्मा आजींनी इर्जीक घातली होती. आणि मी त्यांच्या अंगणात बसून ओरडून सांगितलं, की तुमच्या घरचं आम्हाला नको.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी याच घरात वाढले. पण मी त्या कामाला सेवा असं नाव दिलं, आणि नाव बदललं की रीतही बदलते असं धरून चालले. बायबलात प्रभूनेसुद्धा विहिरीवर त्या परक्या बाईला शिकवण्याआधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं होतं. ती गोष्ट मी शिबिरात मुलांना रंगवून सांगितली होती गं!

काल शनिवारी गेलो. नियम उलटा केला : घरून काही खाऊन यायचं नाही. बर्फ पडलाय, ओंडके त्याखाली गाडले गेलेत. मी रस्ताभर क्षमेचं भाषण जुळवत होते. हिल्मा आजींनी दार किलकिलं उघडलं. मी तोंड उघडायच्या आत किम्मो म्हणाला, "आजी, ते उरलेले ओंडके फोडायचेत. पण आम्ही डबा आणला नाहीये. सकाळपासून उपाशी आहोत."

त्यांनी दार आणखी जरा उघडलं. मग म्हणाल्या, "घरी आईने काही शिकवलं नाही का? आधीच्या खेपेला कुठे गेली होती ही अक्कल?"

"डब्यात होती," किम्मो म्हणाला.

आणि आत्या, त्या हसल्या. दात नसल्यासारख्या हसतात, ओठ आत घेऊन.

दुपारी जेवायला हाक आली. मासा भरून भाजलेली राय धान्याची भाकरी, बटाट्याची पातळ भाजी लोण्यात पोहणारी, वर उकडलेलं अंडं कुस्करून घातलेलं लोणी लावलेल्या पुऱ्यांएवढ्या पेस्ट्र्या. सोन्याच्या काठाचे कप. सातूचा भाऊ म्हणाला, "आता पुरे, आजी." त्या म्हणाल्या, "तुला कुणी विचारलं?" आणि अजून एक वाढली. मग त्यांनी स्वतःहून विषय काढला. "खोपीत ती झाडाची साल वर करून रचणारा कोण होता?" मी हात वर केला. "कॉलेजात जाऊन आलीस ना गं तू?" म्हणाल्या. "चल, दाखवते." साल खाली आत्या, साल खाली! पण मला वाटतं, सालीचं फक्त निमित्त होतं. आम्हाला जेवू घातल्याशिवाय आमच्या हातचं काही त्यांना पदरात घ्यायचं नव्हतं.

त्यांनी संध्याकाळीच फोनाफोनी केली असणार. कारण आज उपासनेनंतर त्याच सगळ्या आज्या, ज्यांना काही नको होतं, त्या मला गाठून विचारत होत्या, पोरं हिल्माकडे जेवली म्हणे? काय केलं होतं तिने? माशाची भाकरी? हं. माझ्याकडे येऊन खा म्हणावं, मग कळेल माशाची भाकरी कशाला म्हणतात. पंच कमिटीच्या अध्यक्षांची आईसुद्धा. तिच्याकडे फोडायला सरपण नाही, वीज आहे. ती म्हणाली, काहीतरी काढते मी फोडायला. गेलेली पाचही मुलं पुढच्या शनिवारी येतो म्हणाली. त्यातली चार तरी भुकेपायी येतायत. येऊ देत. संघ राहील की नाही, ते पंच कमिटी अजून बोललेली नाही. दोन आठवडे उरलेत.

आता तुझं पत्र.

मला तुझ्याकडे एक मागायचंय. राइया म्हणून माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, ती तुमच्या फिनिश मंडळीत माझंच काम करते. तिच्या संघात पाइवी नावाची मुलगी आहे. तिची आई रात्रपाळीला असते, घरात डबाबंद खाणं. वेलदोड्याचे बन तिने जन्मात घरी भाजलेले पाहिले नाहीत. तिला कुणीतरी शिकवायला हवं आणि राइयाला पाव कापण्यापलीकडे काही येत नाही. मी त्यांना तुझा पत्ता दिलाय. पाइवी गुरुवारी दुपारी येईल. ती तुझी पिशवी उचलायला येणार नाही. तिला मी इतकंच कळवलंय, की तिथे भूक घेऊन जायचं.

हिल्मा आजींनी पांढरा एप्रन घातला होता, ते मी पाहिलं होतं आणि त्यातून मला काही कळलं नव्हतं. आता मी जरा नीट बघायला शिकतेय. तुझ्या आयुष्यात तू कधी बन विकत आणले नाहीस.

तुझ्या पेनाबद्दल मी काहीही विचारत नाहीये.

तुझी,
विर्पी


गोथेनबर्ग,
आगमनकाळाचा पहिला रविवार, २७ नोव्हेंबर

प्रिय विर्पी,

हे अक्षर माझं नाही, पाइवीचं आहे. मी बोलतेय आणि ती लिहितेय. बोलते ते सगळं लिही म्हटलंय, पण ही पोर मध्येच स्वतःचं घुसडते असा मला संशय आहे. (घुसडते. पाइवी.)

तुझी चलाखी मला दारातच कळली. त्या गुरुवारी घंटा वाजली. उघडलं तर ही हडकुळी पोर, कानात तीन तीन डूल. मी म्हटलं, मला काही नकोय. तर म्हणते, "मला हवंय. मला सांगितलंय की इथे खायला मिळतं." आता अशा माणसाच्या तोंडावर दार कसं लावायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. घरात दुकानातले भुसा बन होते. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

(आजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. पडदे लावताना स्टुलावरून पडल्या. त्या म्हणतायत हे लिहू नकोस. मी लिहिलं. त्या डाव्या हाताने बटाटे सोलत होत्या, ते बघवत नव्हतं.)

काय लिहिलंस एवढा वेळ? बरं. मग मी तिला म्हटलं, पीठ मळता येतं? नाही. दूध कोमट करता येतं? नाही. मी म्हटलं, मग तुला येतं तरी काय? म्हणाली, "खाता." तर विर्पी, हात तिचे आणि तोंड माझं, असं आम्ही पीठ मळलं. पहिली खेप दगड झाली. दुसरी बरी. वास जिन्यात गेला. समोरच्या बाईने नाक बाहेर काढलं, आणि या पोरीने तिच्या नाकासमोर बशीच धरली! अठरा वर्षांत मला सुचलं नाही ते. आता ती बाईही आत येऊन बसते. स्वीडिशमध्ये काय बोलते ते मला ऐकू येत नाही. फार छान बाई आहे.

परवा तुझ्या आईचा फोन आला. पाइवीने घेतला आणि माझ्या कानात ओरडून सांगितलं. संघ राहिला! पंच कमिटीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले म्हणे, की संघ बंद केला तर आई मला घरात घेणार नाही, आणि तिने मुलांसाठी शनिवारचा मासा मागवून ठेवलाय. ऐकून मी डाव्या हाताने टेबलावर अशी थाप मारली, की कप नाचले. ते प्रमाणपत्र शिंगांच्या वर गेलं की नाही, ते मात्र तुझ्या आईने सांगितलं नाही. बघ.

तू विचारलं होतंस, माणसाला नेमकं काय नको असतं. मी तुला उत्तर लिहिलं ते बरोबर होतं, पण अर्धं होतं. नुसतं घ्यायला नको असतं, गं. रिकाम्या हाताने घ्यायला नको असतं. माझे तर एकच नाही, दोन्ही हात रिकामे वाटायला लागले होते.

एक हिरवा मोजा तयार आहे, तो आधीच मी विणलेला. दुसरा पाइवी विणतेय, मी सांगतेय. त्याला भोकं पडलीत. तोच उजव्या पायात घाल आणि चर्चमध्ये सगळ्यांना दाखव.

औने

(माझं जरा. पुढच्या गुरुवारी येऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, कशाला? मी म्हटलं, प्लास्टर आहे तोवर मदतीला. तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच म्हटलं, बरं बरं, उपाशी येते. मग म्हणाल्या, "आणि प्लास्टर निघाल्यावर काय जेवणं बंद करणारेस का?"
पाइवी)